इनास मास्तरांचं सारवण

आमच्या शेजारच्या इनास मास्तरांना काहीही सांगायला गेलं, की ते आधी चष्मा कपाळावर ढकलून विचारत, "पाहिलंस की ऐकलंस?" बहिणीचं लग्न ठरल्याची बातमी घेऊन गेलो, तेव्हाही हाच प्रश्न. मुलगा नागपूरला नोकरीला, मी त्याला पाहिलेलं नव्हतं. "मग ऐकलंय म्हण," मास्तर म्हणाले. पेढा मात्र त्यांनी उलटसुलट नीट पाहून खाल्ला.

बोरिवलीच्या ख्रिस्ती गावठाणात आमची घरं लागून. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. नाताळात चर्चमधल्या येशूजन्माच्या गोठ्यासाठी प्लास्टरच्या मेंढ्या, मेंढपाळ आणि उंट ओतायचं काम त्यांच्याकडे. ते वाळवायच्या फळीवरच बाळ येशूच्या शेजारी प्लास्टरचे बिबट्याचे पंजे मांडलेले असत. फादरनी एकदा नाराजी दाखवली, तर मास्तर म्हणाले, गोठा म्हटला की जनावरं असायचीच.

पंजांचं कारण असं. आमच्या पूर्वेच्या रानाला संरक्षण द्यायचं ठरलं होतं आणि जंगलखातं त्याची हद्द आखत होतं. उंबराच्या ओहोळापलीकडची टेकडी हद्दीबाहेर ठेवून तिथे दगडाची खाण काढायचं घाटत होतं. मास्तर जाऊन खात्याच्या साहेबांना भेटले. साहेब म्हणाले, बिबटे तिथून नुसते जातात की तिथे राहून पिल्लं वाढवतात, ते पावसाळ्याच्या आत दाखवा, मी रेघ पलीकडे नेतो. मुंबईतल्या एका निसर्ग-अभ्यासक मंडळाने नोंदी तपासून द्यायचं कबूल केलं.

झालं. मास्तर हट्टाला पेटले. रोज रानातून मोळी आणणारी पाड्यावरची वारली बाई जिवली, तिची सासू, दोन गवतकापे आणि अक्षर बरं म्हणून मी, अशी आमची संशोधकांची फौज उभी राहिली. वहीत रकाने दोनच, पाहिलं आणि ऐकलं. पहिल्या महिन्यात माझी एकही नोंद पहिल्या रकान्यात जाऊ शकली नाही, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

मग एका सकाळी ओहोळाकाठी पहिला स्वच्छ ठसा सापडला. मास्तर आणि मी प्लास्टर आणायला घरी धावलो. जाताना मास्तरांनी जिवलीला बजावलं, जागा नीट सांभाळ, कोणाचा पाय पडू देऊ नकोस. परत येऊन पाहतो, तर जिवलीने सासूकडून शेण आणि पीठ मागवून ठशासकट सगळी जागा लख्ख सारवली होती आणि वर तांदळाच्या पिठाच्या रेघाही ओढल्या होत्या. वाघोबाचा पाय लागलेली जागा तिने सांभाळली होती, त्यांच्यात सांभाळतात तशीच.

"देव येऊन गेला ना, मास्तर," ती म्हणाली. "मग जागा तशीच ठेवायची काय?"

मी कपाळाला हात लावला. मास्तर मटकन खाली बसले. आता हे रडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी ओल्या सारवणावर आपला अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याची रेघ न् रेघ उमटली होती.

"जिवले," ते हळूच म्हणाले, "रोज संध्याकाळी सारवशील?"

तेव्हापासून ओहोळापलीकडे टेकडीच्या पायथ्याच्या वाटेवर पाच ठिकाणी शेणात बारीक माती कालवून सारवण होऊ लागलं. सकाळी आम्ही ठशांत प्लास्टर ओतायचो. वहीत तारखेखाली साक्षीला जिवलीचा अंगठा, त्याच्याखाली सासूचा.

चैत्रात दोघी सासू-सुना धावत आल्या. टेकडीवरच्या खडकावर बिबटीण होती आणि सोबत पिल्लू. मी चपला घातल्यासुद्धा. मास्तर खुर्चीतून उठले नाहीत. माणसांचा राबता सुरू झाला तर ती पिल्लू तोंडात धरून निघून जाईल, तेव्हा कोणीही तिकडे फिरकायचं नाही, असा त्यांनी हुकूम सोडला.

महिन्याभराने साहेब आले, सोबत मंडळाचा माणूस. साहेबांना अर्थातच खडक पाहायचा होता. मास्तरांनी साफ नकार दिला. साहेबांचा चेहरा उतरला. मी मास्तरांच्या कानाशी लागलो, म्हटलं, अहो, एवढ्या मेहनतीची वाट लागेल. पण ते कसले ऐकतायत!

"साहेब," ते म्हणाले, "तिला हाकलून तिचं घर कसं दाखवू?"

आणि त्यांनी टेबलावर ठसे मांडायला घेतले. मोठा पंजा, त्याच्या शेजारी लहानशा लाडवाएवढा पंजा. एकाच सकाळचे, एकाच सारवणातले. मग दुसऱ्या दिवशीचे, मग तिसऱ्या दिवशीचे. मंडळाचा माणूस भिंग लावून तासभर पाहत राहिला. शेवटी म्हणाला, हे राहतं घर आहे. साहेबांनी नकाशावरची पेन्सिलीची रेघ खोडली आणि टेकडीच्या पाठीमागून नवी ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मंडळी गेल्यावर मी म्हटलं, आता एकदा लांबून तरी पाहून या. मास्तरांना बिबट्या एकदाही दिसला नव्हता. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग ओट्यावर टेकलेल्या जिवलीला म्हणाले, "तू सांग."

जिवलीने सांगितलं. आई उन्हात पसरली होती, पिल्लू तिच्या शेपटीशी खेळत होतं. मास्तरांनी तिला तेच तीनदा सांगायला लावलं. मास्तरांची बायको मार्थाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि संध्याकाळी त्या घरात कोणाचा आवाज नसे.

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "आई शिकारीला गेली, की पिल्लू एकटं घाबरत असेल का गं?"

"नाय मास्तर," जिवली म्हणाली. "ती लांब नाय जात. तू नको काळजी करू."

 मास्तर म्हणाले, "बरं झालं."