आय कुठली?

साळवे मामा नव्या माणसाला आडनाव विचारत नाहीत. काय करता, पगार किती, हेही नाही. समोरचा खुर्चीत नीट टेकायच्या आत ते विचारतात, "आय कुठली?" उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "आन् तिची आय?" इथे निम्मे लोक गारद होतात.

मामा शिरूरच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. मी तिथे शिकवते. आमच्या भागात आडनाव कळलं की माणसाचं पुढचं-मागचं सगळं कळलं, असा समज आहे. त्यापायी मामांनी स्वतः बरंच सोसलं असणार, पण ते त्यावर बोलत नाहीत. या 'आय कुठली'चं खापर मात्र माझ्याच डोक्यावर फुटायला हवं.

मी गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंवर पीएच.डी. करते आहे. शिरूरला घोड नदी, दौंडला भीमा. दोन्हीकडच्या गोगलगाई दिसायला अगदी सारख्या. आतून त्या किती सारख्या आहेत, हे मला त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांवरून ताडून बघायचं होतं. "ह्ये काय आसतंय?" असं मामांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की पेशीत शक्ती तयार करणारे बारीक बारीक कारखाने असतात, त्यांची स्वतःची वेगळी जनुकं असतात, आणि ती लेकरांना फक्त आईकडून मिळतात. बापाचा त्यात काही हात नसतो.

"म्हंजी माज्यात माज्या आयचं हाय?"

"आहे ना."

"आन् माज्याकडनं फुडं?"

"पुढे नाही मामा. बाईकडूनच पुढे जातं. तुमचं तुमच्यापाशी थांबलं."

मामा बराच वेळ एकच बाटली पुसत राहिले. कंटाळले असतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली.

पहिला नंबर माझा. माझी आई पाबळची निघाल्यावर "मंग तुम्ही पाबळच्या" असा निकाल देऊन त्यांनी माझ्या वडिलांचं नगर दाखल्यांसकट रद्द केलं. मग प्राचार्य. ते मोठ्या घरातले. त्यांनी आजोबांच्या सरपंचकीपासून सुरुवात केली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्ये झालं साहेब. आय कुठली?" आईचं गाव सरांनी सांगितलं, पण तिच्या आईचं आठवेना. शेवटी त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. एका गावाच्या नावासाठी लावलेला फोन अर्धा तास चालला. बाहेर आले तेव्हा सर जरा वेगळेच दिसत होते.

आमच्या या गोगलगाईंचं एक वैशिष्ट्य आहे. त्या अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. मादी उघडली की आत ज्वारीच्या दाण्याएवढी, शंखासकट तयार पिल्लं सापडतात. मला आईच्या पायाचा तुकडा पुरतो. पिल्लं मी बेसिनमध्ये ओतायची. एकदा मामांनी माझा हात धरला. "म्याडम, आय तुमाला दिली. पोरं तरी ऱ्हाऊंद्या."

तेव्हापासून पिल्लं त्यांच्या ताब्यात. घोडच्या पिल्लांच्या बरणीला लाल झाकण, भीमेच्या बरणीला निळं. लाल झाकणाची पिल्लं आमच्या पुलाखाली, निळ्या झाकणाची थेट दौंडला, जिथून आई उचलली त्याच घाटावर. एका पोराने चुकून झाकणं बदलली, तर मामांनी त्याला आठवडाभर प्रयोगशाळेच्या दारात उभं केलं नाही. दौंडच्या एस.टी.त ते बरणी मांडीवर घेऊन बसत. "मामा, ह्यात काय?" असं एकदा कंडक्टरने विचारलं. मामा म्हणाले, "पोरं हायेत. आजोळी निगाल्यात." कंडक्टरने बरणी उजेडात धरून बघितली आणि तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला वळला.

दौंडला त्यांची भाची दिली आहे, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं.

यंदा पुण्याहून तपासणीचे निकाल आले आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. दौंडच्या घाटावरची एक गोगलगाय आमच्या पुलाखालच्या गोगलगाईशी अक्षर न् अक्षर जुळत होती. बाकीच्या भीमेच्या वेगळ्या, ही एक मात्र तंतोतंत शिरूरची. घोड पुढे भीमेलाच मिळते, म्हणजे ही वाहत दौंडपर्यंत गेली. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आपणहून चालत आलं होतं. मी गाइडना फोन केला. मामांना पेढे आणायला पाठवलं.

मामांनी पेढे आणले, स्वतः घेतला नाही. पुढचे दोन दिवस ते धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धूत होते. तिसऱ्या दिवशी टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"म्याडम, त्ये लिवू नका. ती वाहत न्हाई गेली. म्या नेली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामांची बहीण वारली तेव्हा तिची सुजाता दोन वर्षांची होती. मामांनी तिला वाढवलं, त्यात त्यांचं लग्न राहून गेलं. पोर घोडच्या काठाला याच गोगलगाई गोळा करत मोठी झाली.

"गेल्या साली पोटुशी व्हती. तिला बाळंतपनाला हितं आनायची, तर माज्या घरात बाईमानूस न्हाई. ईचारलं, सुजे, काय खावंसं वाटतंय? तर म्हनली, मामा, खायाला काय नगं, घोडच्या गोगलगाई आन. नुस्त्या बगायला."

मामांनी लाल झाकणाची बरणी नेऊन तिच्या हौदात रिकामी केली. महिनाभराने सासूला भिंतीवर चढलेली गोगलगाय दिसली, आणि तिने सगळ्या उचलून घाटावर सोडून दिल्या. आम्ही नमुने घेतो, त्याच घाटावर.

मी चिडले. खरंच चिडले, आवाज चढवून बोलले. नंतर त्याची लाज वाटली. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते प्रकरण होतं.

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

"कुनालाच न्हाई."

"मग सांगितलंत कशाला?"

मामा म्हणाले, "कुनाला खोटी आय कशी लावायची, म्याडम?"

तो नमुना मी बाद केला. नवे नमुने घ्यायला आम्ही दौंडला गेलो, घाटाच्या बरंच वर. सबमिशन लांबलं ते लांबलंच. परतताना मामा चाचरत म्हणाले, "जाता जाता चहा घेऊ."

सुजाताच्या सासूबाईंनी चहा केला आणि गोगलगाईंचा विषय कुणी काढला नाही. सुजाताने चार महिन्यांची लेक मामांच्या मांडीवर दिली. मामा तिला बरणीसारखे दोन्ही हातांनी धरून बसले. वर्षभर जगाला एक प्रश्न विचारत फिरणाऱ्या या माणसाला तो प्रश्न उलट कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

"मामा, तुमची आई कुठली?"

"भांडगावची." ते लगेच म्हणाले. मग पोरीकडे बघत सावकाश म्हणाले, "म्याडम, माज्या आयचं माज्या बहिनीत. बहिनीचं सुजेत. सुजेचं हिच्यात. बरुबर?"

"बरोबर."

"मधी कुठं तुटलं न्हाई?"

"नाही तुटलं."

"शंभर टक्के?"

प्रबंधात मी प्रत्येक वाक्याला 'असे असण्याची शक्यता आहे' जोडते. इथे जोडलं नाही. "शंभर टक्के," मी म्हटलं.

मामांनी पोरीला जरा उचलून तोंडासमोर धरलं. "काय गं," ते म्हणाले, "भांडगावची व्हय तू?"