वामनभाऊ आणि यंत्राचा हातचा

बंद वस्तू दिसली की वामनभाऊंच्या हाताला खाज सुटायची. सासुरवाडीला गेले, तर मेव्हण्याचं कोरं घड्याळ उघडून बसले. मेव्हणा तेव्हापासून सूर्याकडे बघून वेळ सांगतो. सायकलची घंटी, स्टोव्ह, टॉर्च, काही सुटलं नाही. "पोटात काय हाय थे पाहू दे, मंग बोल," असं म्हणून ते पेचकस काढायचे.

मोताळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये ते हिशेबनीस होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलेलो. गाड्यांची वजनं मी वाचायची आणि वामनभाऊंनी डोळे मिटून बेरीज सांगायची. कागद नाही, पेन्सिल नाही. गाडीवाले ती ऐकायला खिडकीशी गर्दी करायचे.

त्या हंगामात शेठजींनी मुंबईहून हिशेबाचं यंत्र आणलं. टेबलावर मावणारं, काळंभोर, बाजूला दांडा. आकडे लावा, दांडा फिरवा, बेरीज हजर. "वामनराव, आता आराम करा," शेठजी म्हणाले. वामनभाऊ यंत्राचे पेच मोजत होते.

दुसऱ्या दिवशी शेठजी जेवायला गेले. मी चहा सांगून परत येतो तो काय, टेबलावर भाऊंचा दुपट्टा पसरलेला आणि त्यावर यंत्राची सगळी आतडी.

"भाऊ, हे काय करून राह्यले? शेठ येतीन ना!"

"येऊ दे. याचा हातचा कुठी रायते, थे पाहून राह्यलो."

"हातचा?"

"आठ न् सात पंधरा. पाच लिवले, एक हातचा. आपून डोक्यात ठेवतो. हे कुठी ठेवते बे?"

तेवढ्यात एक स्प्रिंग टुणकन उडाली ती नमुन्याच्या कापसात. आम्ही दोघंही गुडघ्यांवर. एका हमालानं विचारलं, काय हरवलं? "शेठचा हातचा," भाऊ म्हणाले, आणि तो बिचाराही शोधायला लागला. शेवटी स्प्रिंग माझ्या टोपीत सापडली.

मला घाम फुटला होता. यंत्र बिघडलं तर भाऊंची नोकरी जाणार, हे उघड होतं. भाऊ मात्र एक चाक बोटानं फिरवत होते. चाक नवावरून शून्यावर आलं की त्याचा बारकासा दात शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलायचा. ते पुन्हा पुन्हा तेच बघत राहिले.

"पाह्य. एकदाही इसरत नाही."

"यंत्रच थे. इसरीन कसं?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी इसरून राह्यलो बे. दसऱ्यापासून. बेरीज करता करता हातचा कुठी जाते, समजतच नाही. याचं पाहून आपल्यालेही काही करता येते का, म्हनून उघडलं. कोणाले सांगू नोको."

इतका वेळ मी ज्याची गंमत बघत होतो तो माणूस मनातून पार घाबरलेला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

आम्ही दोघांनी मिळून यंत्र जोडलं. शेठजींनी येऊन दांडा फिरवला. बेरीज बरोबर आली. पण गाडीवाले ऐकेनात. त्यांना यंत्राचा भरवसा नव्हता, वामनभाऊंच्याच तोंडची बेरीज पाहिजे होती. मग भाऊ पुन्हा खिडकीशी डोळे मिटून बसायला लागले आणि मी त्यांच्या कानाशी. हातच्याची जागा आली की हळूच म्हणायचो, "एक हातचा."

"मले म्हाईत हाय बे!" ते खेकसायचे.

पण त्या जागी आले की आता ते थांबायचे, मी म्हणेपर्यंत.