वैरागडे सटल होतात

वैरागडे 'सटल', म्हणजे सौम्य, हा शब्द उच्चारतात तेव्हा शेजारच्या ड्राइव्हवेत बर्फ शोव्हल करणारा माणूस दचकून वर बघतो. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये ते आमचे शेजारी; टाउनहाउसच्या भिंती पातळ आहेत हे खरं, पण वैरागड्यांना भिंत असली काय आणि नसली काय! ते नागपूरला भावाशी बोलतात तेव्हा मध्ये फोन कशाला लागतो, असा प्रश्न माझ्या बायकोला नेहमी पडतो.

आम्ही दोघं एकाच कार प्लांटमध्ये. मी ऑफिसात, ते पेंट इन्स्पेक्शनला. ट्यूबलाइटच्या लखलखाटात रंगवलेली गाडी समोर येते. मिनिटभरात तिच्यावरचा ओरखडा, धुळीचा कण शोधायचा आणि फॉर्मवर त्याचं वर्णन लिहायचं. वैरागड्यांच्या नजरेतून केसाएवढी रेघ सुटत नसे. वर्णनाला मात्र त्यांच्याकडे दोनच शब्द होते, 'बिग' आणि 'व्हेरी बिग'. एक दिवस ग्लेन नावाच्या सुपरवायझरने भिंग हातात घेऊन विचारलं, की मला यातूनही धड दिसत नाही, ते 'व्हेरी बिग' कसं?

दुसऱ्या दिवसापासून वैरागड्यांच्या खिशात वही आली. फेंट, माइल्ड, म्यूटेड, सबड्यूड, डेलिकेट, अंडरस्टेटेड, सटल. सकाळी मी गाडी चालवायचो आणि शेजारी बसून ते पाठांतर करायचे.

"काय लोक आहेत बाप्पा हे! कमीपणाचे किती शब्द! आपल्याकडे कमी असलं की आपण सरळ म्हणतो, कमी आहे, अजून आणा."

फॉर्म सुधारले. पण शब्द फॉर्मवर थांबेनात. बाहेर उणे बावीस असताना माझ्या गाडीत बसून, दात वाजवत म्हणाले, "थंडी आज सबड्यूड आहे." त्यांनी रांधलेला सावजी रस्सा खाताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तर म्हणे, "तुम्ही पुण्याचे म्हणून माइल्ड ठेवला, भाऊ." माझ्या बायकोच्या उपम्याला 'रिस्ट्रेन्ड' म्हणाले. तिने डिक्शनरी उघडली, 'हात राखून केलेला' असा अर्थ लावला, आणि त्यानंतर महिनाभर आमच्याकडून त्यांना उपमा गेला नाही.

मला वाटलं, हे सगळं ग्लेनसाठी चाललंय. एकदा चिडवलंसुद्धा, "वैरागडे, प्रमोशन घेऊनच थांबणार तुम्ही!" त्यांनी वही मिटली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरीच्या कॉन्व्होकेशनला मी शिट्टी मारली होती, भाऊ. अन् वरून ओरडलो, 'वाघीण माझी!' सारा हॉल वळून पाहू लागला. बाहेर आल्यावर म्हणे, बाबा, यू आर टू मच."

मृणाल ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई ती शाळेत असतानाच गेली. कॉन्व्होकेशननंतर मृणाल नोकरीसाठी टोरांटोला गेली, आणि मग तिचे फोन कमी होत गेले.

"आता ती लग्न करून राहिली," वैरागडे म्हणाले. "पोरगा इटालियन आहे, मार्को. रविवारी त्याच्या घरी जेवायला बोलावलं, टोरांटोजवळ वॉनला. या वेळी मी गडबड केली ना, तर लग्नात मला शेवटच्या रांगेत बसवेल. तुम्ही चला सोबत. माझा आवाज चढला की टेबलाखालून पायावर पाय द्या."

माणूस एवढा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. नकाशाचे कागद प्रिंट करून आम्ही निघालो. नेहमीचं पोपटी जॅकेट घरी ठेवून त्यांनी करडा कोट घातला होता. तो त्यांना काखेत काचत होता.

मार्कोच्या घराचं दार उघडलं आणि माझे कान सुन्न झाले. वीसेक माणसं, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. मार्कोच्या वडिलांनी वैरागड्यांना करकचून मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. आतून कुणीतरी हाका मारत होतं, एक काका टेबलावर मुठी आपटून गाणं म्हणत होते. वैरागड्यांचं जणू माहेरच! आणि हा गृहस्थ खुर्चीच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून बसलेला.

"लव्हली होम," ते पुटपुटले. "व्हेरी अंडरस्टेटेड."

मार्कोच्या आईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा डोक्यावरच्या टोपलीएवढ्या झुंबराकडे पाहिलं. पुढे लझान्याला 'डेलिकेट' म्हणून झालं, वाइनला 'माइल्ड' म्हणून झालं. मार्कोची आजी दर पाच मिनिटांनी वाढायला यायची आणि वैरागडे प्लेटवर हात आडवा धरायचे. हळूहळू टेबल शांत होत गेलं. शेवटी मार्कोच्या वडिलांनी काटा खाली ठेवला आणि मृणालला विचारलं, "युअर फादर... ही डझन्ट लाइक अस?"

मृणालचा चेहरा पडला. आता बोला, म्हणून मी घाईघाईने वैरागड्यांच्या पायावर पाय दिला. ठरल्याप्रमाणे ते आणखीच गप्प झाले.

मृणाल उठून त्यांच्या खुर्चीपाशी आली, खाली बसली. "बाबा, आर यू सिक?"

"नाही गं. मी सटल होऊन राहिलो."

"व्हाय?"

"तूच म्हणाली होती ना, टू मच."

माझ्या देखत ती वडिलांशी कधी मराठीत बोलली नव्हती. त्या दिवशी अडखळत बोलली. "आई गेली तेव्हा तुम्ही असेच बसून होते, बाबा. खूप दिवस. मी शाळेतून यायची तर घरात आवाजच नसायचा. मला वाटायचं, आता तुम्हीपण जाणार." तिने डोळे पुसले. "हॉलमध्ये मला लाज वाटली. आय वॉज ट्वेंटी-टू. पण असं नका ना बसू. मला भीती वाटते."

वैरागड्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वीस माणसं त्यांच्याकडे बघत होती.

मग त्यांनी कोट काढून खुर्चीला टांगला आणि प्लेट उचलून धरली.

"मार्को!" झुंबर हलेल अशा आवाजात ते ओरडले. "तुझ्या आजीला सांग बाप्पा, पोटभर वाढ म्हणा! पोरीच्या सासरी उपाशी राहू का मी?"

मार्कोला यातलं एक अक्षर कळलं नाही. आजीने मात्र तोवर वाढायचा डाव उचलला होता.