बशीचा पंचनामा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आहेर नाना नमस्काराच्या आधी आकडा सांगतात. सकाळी बेल वाजते, मी दार उघडतो, आणि नाना उंबऱ्यावर उभे राहून म्हणतात, "अकरा." त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत अकरा पावलं. मग चपला काढून आत येतात, "सात," आणि सोफ्यावर बसतात. एकदा मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, साफसफाईच्या भरात सोफा खिडकीकडे सरकवला. नाना सातव्या पावलाला बसायला गेले ते थेट टीपॉयवर बसले. वर आम्हालाच म्हणाले, "पगारे सर, मोजणी झाल्यावर खुणा हलवणं गुन्हा हाय."

नाना हे भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार. देवळा-कळवणकडच्या शेतांचे बांध मोजण्यात त्यांचा जन्म गेला. टेप लावायच्या आत नुसतं बघून अंतर सांगायचं आणि टेपनं निमूटपणे तेवढंच दाखवायचं, अशी त्यांची ख्याती होती, असं तेच सांगतात. अशा माणसानं निवृत्तीनंतर पावलं मोजली तर त्यात नवल काय? मी तर कॉलेजात नानांचे अकरा आणि सात नकलेसकट सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. माझ्या बोलण्यावर सहसा कोणी हसत नाही, त्यामुळे हा माझा हुकमी किस्सा होता.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे पंचनामा. नानांना कुठलीही गोष्ट 'चांगली झाली' म्हणून चालत नाही. आम्ही लग्नाहून आलो की विचारणार, "कसं झालं?" आपण म्हणायचं, छान झालं. की लगेच, "हा पंचनामा नाय. मांडव कुठल्या तोंडाचा होता? नवरी कुठल्या बाजूनं आली? पंगतीत तुमच्या शेजारी कोण?" मंदा उत्साहानं सगळं सांगते. मला वाढलेलं जेवणसुद्धा आठवत नाही. समोरच्या दारातून नानी त्यांना अहिराणीत हाक मारतात, "पंचनामा ऱ्हाऊ द्या, चहा थंडा व्हई राहिना." नाना उठतात, आणि जाताना पुन्हा अकरा.

आता माझ्याविषयी. मी कॉलेजात ग्रंथपाल. तीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसल्यामुळे माझा आवाज कायमचा खाली गेलेला आहे. घरीही मी कुजबुजतो. भाजीवाली मावशी मला दोनदा विचारते आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या मनानं भाजी देते. पंचावन्न पूर्ण झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा मोकळे व्हा, काही छंद लावून घ्या. मंदानं मला हास्यक्लबात घातलं. तिथं मी इतक्या हळू हसलो की चौथ्या दिवशी तिथल्या प्रमुखांनी मला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी जायचं बंद केलं.

त्याच आठवड्यात नाना आले आणि म्हणाले, "सर, रविवारी मोकळे आहात ना? बश्या फोडायला जाऊ."

दिंडोरी रोडला, द्राक्षबागांच्या मागे, एका डोंगराच्या पायथ्याशी नेमबाजीचं मैदान आहे. तिथं यंत्रातून मातीच्या रंगीत बश्या हवेत उडवतात आणि लोक त्यांच्यावर बंदुकीनं नेम धरतात. कधी बशी डावीकडून येते, कधी डोक्यावरून जाते, तर कधी जमिनीवरून उड्या मारत पळते. त्या पळणारीला तिथं ससा म्हणतात. नाना निवृत्तीपासून तिथं जात होते. गेली दोन वर्षं खांद्याच्या दुखण्यामुळे त्यांनी बंदूक सोडली होती, तरी रविवार चुकवत नव्हते. मागे खुर्ची टाकून बसायचे. शिवाय गुडघा धरतो म्हणून त्यांनी स्कूटरही विकली होती. तेव्हा बश्या हे निमित्त असून त्यांना खरी गरज माझ्या स्कूटरची आहे, एवढं मी ताडलं. मला फार उशिरा का होईना, पण काहीतरी ताडल्यासारखं वाटतं आणि ते बहुधा चूक असतं.

तिथं शिकवायला प्राजक्ता मॅडम होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी डावा पाय पुढं टाकून कसं उभं राहायचं, बंदुकीचा दस्ता खांद्यात कसा बसवायचा, गाल कुठं टेकवायचा, सगळं दाखवलं. मग कानावर जाड इअरमफ चढवले आणि म्हणाल्या, "तयार झालात की मोठ्यानं आवाज द्या, मी बशी सोडते." बाकीचे नेमबाज इंग्रजीत ओरडत होते. नाना मागून म्हणाले, "सर, तुम्ही 'येऊ द्या' म्हणा."

मी म्हटलं, येऊ द्या. काहीच आलं नाही. पुन्हा म्हटलं. मॅडम जवळ आल्या. "सर, काही हवंय का?" चौथ्या वेळी मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पलीकडच्या बागेतले दोन कामकरी वळून बघायला लागले. बशी सुटली. केशरी रंगाची, गरगर फिरत, इतकी सुरेख गेली की मी बघतच राहिलो. बंदूक चालवायची असते हे ती खाली पडल्यावर आठवलं.

दुसऱ्या बशीला मात्र घोडा दाबला. दणका बसला, खांदा हलला, जळक्या दारूचा वास नाकात गेला, आणि बशी अगदी सुखरूप आपल्या वाटेनं निघून गेली. मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्यानं हसायला लागलो. तीस वर्षं लोकांना गप्प करणाऱ्या माणसानं इतका मोठा आवाज केला होता आणि कोणीही त्याला गप्प बस म्हणत नव्हतं. हास्यक्लबवाल्यांनी बघायला हवं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पंचनामा?"

"चुकली, नाना."

"चुकली हा पंचनामा नाय. कुठून निघाली, किती वर गेली, कुठं पडली?"

मला सांगता येईना. मी बशीकडे बघितलंच नव्हतं, डोळे बंदुकीच्या टोकावर खिळवून बसलो होतो. मॅडम हसून म्हणाल्या, "सर, नाना बरोबर विचारताहेत. नवीन माणूस बंदुकीकडे बघतो. बशीकडे बघायचं."

अशा तऱ्हेनं आमचे रविवार सुरू झाले. मी पंचवीस काडतुसं उडवायचो आणि पंचवीस पंचनामे द्यायचो. घरी आल्यावर मंदा खांद्याच्या काळ्यानिळ्या डागावर आंबेहळद लावायची आणि विचारायची, "किती फुटल्या?" मी म्हणायचो, तसं नसतं ते. एका रविवारी मी पळता ससा सोडून त्याच्या मागच्या निलगिरीची फांदी पाडली. मॅडम म्हणाल्या, निदान काहीतरी पडलं. तरी मला रविवारची ओढ लागली होती. ग्रंथालयात पुस्तक परत घेतानासुद्धा माझा डावा पाय आपोआप पुढं यायचा.

पंचनामे मात्र सुधारत गेले. "डावीकडच्या बाभळीमागून निघाली, विजेच्या तारेइतकी चढली, वर क्षणभर रेंगाळली, मग उजवीकडे कलली, मी मारली तेव्हा पार पुढं गेली होती, बांधाच्या अलीकडे पडली." असं सगळं मी खड्या आवाजात सांगायला लागलो. नाना मान हलवायचे. "आता जमलं. रंग राहिला." मग मी रंग सांगायचो.

संक्रांतीला तिळगूळ देताना नानांनी जाहीर केलं की मार्चअखेर ते आणि नानी देवळ्याला मळ्यातल्या घरात कायमचे राहायला जाणार. मंदाचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं. नाना म्हणाले, "पण त्याच्या आत तुमच्या हातून एक बशी फुटली पाहिजे, सर. एकच."

मी गमतीनं विचारलं, "नाही फुटली तर?"

"तर तसाच जाईन," नाना म्हणाले, आणि तिळगूळ हातात धरून बसून राहिले. ते ज्या पद्धतीनं बोलले त्यानं माझी गंमत जिरली. त्यांना त्या एका बशीचं इतकं का पडलंय ते कळेना, पण पडलंय हे कळलं.

मार्चमधला शेवटून दुसरा रविवार. चोवीस झाल्या होत्या, चोवीसही गेल्या होत्या. मी पाय रोवला, ओरडलो, "येऊ द्या." यंत्राचा हात खाडकन फिरला, पण बशी आत अडकली होती. बाहेर काहीच आलं नाही. मी बंदूक खाली घेतली.

मागून नाना हळहळले. "का थांबलात? चांगली होती की. हातची घालवलीत."

मी वळलो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. नाना खुर्चीत पुढं झुकून, रिकाम्या आभाळाकडे तोंड करून बसले होते. "पंचनामा?" ते म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाभळीमागून निघाली. केशरी. निलगिरीच्या वरून गेली." मॅडम काही बोलल्या नाहीत.

परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला आम्ही अडकलो. चहूबाजूंनी रिक्षा, ट्रक, हॉर्न. मागे बसलेले नाना माझ्या कानाशी म्हणाले, "सर, मगाशी बशी सुटलीच नव्हती ना?"

पूर्वीसारखं काहीतरी कुजबुजलो असतो तर त्या गोंगाटात खपून गेलं असतं. "नव्हती," मी म्हटलं.

"तुम्ही दोघं गप्प झालात तेव्हाच समजलं. मग निलगिरीवरून काय नेलंत?"

नाना थोडं हसले. मग म्हणाले, "काचबिंदू हाय. समोरचं दिसतं. तुमचं हेल्मेट दिसतंय, त्याच्यावरचा चरासुद्धा दिसतोय. बाजूचं गेलं. पाइपातून बघतो म्हणा ना. औषध टाकतोय, पण गेलं ते परत येत नाय. जन्मभर लोकांच्या हद्दी कायम करून दिल्या सर, आणि माझीच रोज थोडी आत सरकतेय."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला किक मारायचं सुचेना. अकरा आणि सात डोळ्यांपुढे आले. हा माणूस अंधारात चालायची तयारी करत होता, आणि मी ती तयारी कॉलेजात नकला करून विकत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्कूटर कडेला घेतली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो.

"म्हणून देवळा?" मी विचारलं.

"तिथं मोजावं लागत नाय. वट्यापासून विहिरीपर्यंत सगळं पायाला पाठ हाय."

"आणि बशी?"

"माझी शेवटची बशी मला दिसली नाय. मारली, आणि फुटली का म्हणून मॅडमला विचारावं लागलं. ती म्हणाली, हो नाना, फुटली. संपलं. इतक्या वर्षांचा खेळ, सर, आणि शेवटाला नुसतं हो. मला एक फुटलेली बशी नीट सांगणारा माणूस पाहिजे होता. मंदाताई म्हणाल्या, तुम्हाला लग्नातलं जेवणसुद्धा सांगता येत नाय. म्हटलं, शिकवू."

शेवटच्या रविवारी नानीही आल्या. मला रात्रभर झोप नव्हती. दहा गेल्या. पंधरा गेल्या. आता नुसतं फुटली म्हटलं असतं तरी चाललं असतं, मॅडमनीही मान हलवली असती. पण नानांना पंचनामा नाकानं हुंगून कळतो. मी प्रत्येक वेळी गेली म्हणालो आणि गेली ती कशी ते सांगितलं. विसाव्या बशीला बंदूक आहे हे मी विसरलो. मला फक्त बशी दिसत होती. ती वर रेंगाळली, आणि फुटली.

मी ओरडलो. मॅडम ओरडल्या. बंदूक त्यांच्या हातात देऊन मी पंचावन्नाव्या वर्षी जागच्या जागी तीन उड्या मारल्या. मग मागे बघितलं. नाना खुर्चीतून उठले होते. इअरमफ काढून गळ्यात घेतले होते. तोंड आभाळाकडे, पण बशी फुटली तिथून खूप बाजूला. ते वाट बघत होते.

मी जाऊन त्यांचा हात धरला. "डावीकडून निघाली, नाना. बाभळीच्या मागून. केशरी. उन्हात काठ चमकत होता. तारेपर्यंत चढली. वर थांबली, आणि मी..." पुढं मला शब्दच सापडेनात. इतकी पुस्तकं सांभाळली, पण त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"नीट सांगा," नाना म्हणाले. "मला ही बरोबर न्यायचीय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बशी होती तिथं आधी धुरासारखा काळा ठिपका झाला, मग तुकडे चारी बाजूंना गेले, एक मोठा तुकडा फिरत फिरत सगळ्यांच्या मागून खाली आला. नानांनी डोळे मिटले होते. मी सांगत होतो तसा त्यांचा चेहरा डावीकडून उजवीकडे, वर, आणखी वर वळत गेला, आणि बरोबर जिथं फुटली तिथं थांबला. नानींनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले होते, आणि मी ते पुसले नाहीत.

"एक राहिलं," नाना म्हणाले.

"काय?"

"तुकडे वाळल्या गवतात पडले. पावसाचे चार थेंब पडावेत तसा आवाज झाला."

"मी नाही ऐकला, नाना. माझे कान बंद होते."

"मी ऐकला," नाना म्हणाले. "तो पण घाला पंचनाम्यात."