फळ्यावरची खूण

फळ्यावर खूण करायची नाही, हे मी सोमवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ठरवलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पुढे जे झालं त्याची घरात रीतसर चौकशी झाली आणि तीत ही वेळ निश्चित करण्यात आली.

आधी फळा कुठला ते सांगतो. आमच्या घरामागे तबेला आहे. तबेला म्हणजे पत्र्याखालचे दोन खण, पुढे विटांचं अंगण आणि त्यात दोन घोडे. घोडे बायकोचे. ती मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात कारकून आहे. (तिने मलाही बसायला शिकवून पाहिलं होतं. आता आम्ही तो विषय काढत नाही.)

दोघांपैकी चांदणी ही तरणी घोडी. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभाव खट्याळ, दगड पचवेल असं पोट. दुसरा बाळ्या. चोवीस वर्षांचा म्हातारा घोडा, बायकोच्या माहेरचा. तो शिंगरू होता तेव्हा तिने त्याला बाटलीने दूध पाजलं आहे. आमचं लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, "बाळ्या माझ्याबरोबर येईल." मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, धाकटा भाऊ असेल, शिकायला आपल्याकडे राहील. बाळ्या ट्रकमधून उतरला तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली.

तर फळा. चंदीच्या पिंपावर, खिळ्याला टांगलेला. चंदी म्हणजे घोड्यांचा खुराक, आमच्याकडे भरडा, कोंडा आणि चिमूटभर मीठ. ती सकाळी एकदाच द्यायची, डब्याने मोजून. बाकी दिवसभर गवत. चंदी दिली की ज्याने दिली त्याने त्या घोड्याच्या नावाखाली खडूने खूण करायची. खूण असेल तर घोडा जेवला, नसेल तर उपाशी. घोड्याला विचारून उपयोग नाही, कारण घोडा नेहमीच उपाशी असल्याचं सांगतो. वीस वर्षांत हा नियम मोडल्याचं मला आठवत नाही.

बायकोची बहीण घर बदलत होती. तिच्या मदतीला बायको तीन दिवस निघाली. मला एक वही दिली. वहीत सगळं होतं. पाणी कधी, खरारा कसा, खूर कुठल्या बाजूने उचलायचा, उचलताना आपला पाय कुठे ठेवायचा.

"आणि खूण," ती रिक्षात बसताना म्हणाली. "बाकी एखादं राहिलं तर चालेल. खूण विसरू नका."

"अगं, बावीस वर्षं खुणा करण्यात गेली माझी," मी म्हटलं.

आणि तेच तर दुखणं होतं. रोज माझ्या टेबलावर शंभर कागद येतात. प्रत्येकावर मी बरोबरची खूण करतो, खाली सही करतो, तारीख घालतो. नळाला पाणी कधी येणार हे मला माहीत नसतं, पण कागद पाहिल्याची खूण मात्र पक्की असते. त्या सकाळी चंदी घालून मी खडू हातात घेतला आणि मनात आलं, चंदी देणार मी, खूण करणार मी, ती बघणार तोही मीच. मग ही खूण कुणाला दाखवायची? घोड्यांना? मी खडू परत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा कागद खूण न करता सोडल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, छान वाटलं.

साडेसातला मी बस पकडली. दुपारी तिचा फोन आला.

"चंदी?"

"दिली."

"खूण?"

"केली."

(एवढ्याशा गोष्टीसाठी खरं बोलून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा?)

मंगळवारही असाच गेला. उलट त्या दोन दिवसांत मला माझी किंमत कळली. सोमवारी घरी पोचतो तो दारात आत्या उभी. ही माझी सख्खी आत्या, गल्लीत समोरच राहते. हातात जेवणाचा भरलेला डबा. "खाऊन घे गरम आहे तोवर," म्हणाली आणि समोर बसून शेवटच्या घासापर्यंत हलली नाही. तिची पाठ वळते न वळते तोच कोपऱ्यावरचे शिंपीकाका हजर. "चला, आमच्याकडे पान वाढलंय." नाही म्हणवेना. तिथून आलो तर फ्रिजमध्ये बायकोने करून ठेवलेलं होतं, ते वाया घालवणं बरं दिसलं नसतं. मंगळवारीही तोच क्रम. बायको घरात नसताना गल्ली आपल्याला इतकं मानते हे पाहून मी भारावून गेलो. थोडा पोटाच्या बाजूनेही भारावलो होतो.

बुधवारी सकाळी मी डबा वाजवला. चांदणी उडी मारून पुढे आली. बाळ्या आला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा. मी चंदी नाकाखाली नेली, त्याने मान फिरवली. मग वळून स्वतःच्याच पोटाकडे पाहिलं, पुढच्या खुराने वीट खरवडली आणि गुडघे वाकवून बसायला लागला.

घोड्यांतलं मला काही कळत नसलं तरी वीस वर्षांत एक गोष्ट ऐकून ऐकून पाठ झाली आहे. घोड्याला ओकता येत नाही. त्याचं पोट दुखलं तर ते हसण्यावारी न्यायचं नसतं. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते कुठल्याशा गोठ्यात होते, मागून गाय हंबरत होती.

"उठवा त्याला," डॉक्टर म्हणाले. "लोळू देऊ नका. खायला काही नको. दोर बांधा आणि चालवा, सावकाश."

"किती वेळ?"

"लीद होईपर्यंत. लीद झाली की मला फोन करा. इथलं वासरू बाहेर आलं की मी निघतोच."

"आणि नाही झाली तर?"

मागून गाय पुन्हा हंबरली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चालवा."

बायको दुपारी येणार होती. मी बाळ्याला दोर बांधला आणि गल्लीत बाहेर काढलं. फाटकापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत, तिथून वळून परत. पुढे मी, मागे तो, दोघंही खाली मान घालून.

दुसऱ्या फेरीला दूधवाल्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तिसऱ्या फेरीला अख्ख्या गल्लीला माहीत होतं. खिडक्या उघडत होत्या.

"झाली का?"

"अजून नाही."

पुढच्या खिडकीतून, "झाली का हो?"

"नाही."

इतक्या आस्थेने माझ्या बढतीचीही कुणी कधी चौकशी केली नव्हती. तेवढ्यात कार्यालयातून साहेबांचा फोन आला.

"दहा वाजून गेले. कुठे आहात?"

"साहेब, लिदेची वाट बघतोय."

"कोण लीद?"

"घोड्याची, साहेब."

मग साहेब हळूच म्हणाले, "आज रजा घ्या. उद्याही घ्या हवी तर." बावीस वर्षांत न मागता मिळालेली ही पहिली रजा.

पहिला तास मी त्याला ओढत होतो. दुसऱ्या तासात तो माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून चालायला लागला. घोड्याचं डोकं जड असतं, पण ते बाजूला करायचा मला धीर झाला नाही. त्याचा गरम श्वास कानाशी लागत होता. मला भीती वाटत होती. बायको काय म्हणेल याची होतीच, पण तेवढीच नव्हती. वीस वर्षं हा प्राणी माझ्याकडे असा बघत आला होता की जणू तिने मला त्याला न विचारता घरात आणलं. तरी आज तो माझ्या मागे येत होता. "बाळ्या, तेवढं कर रे," मी म्हटलं. "ती यायच्या आत कर."

अकराच्या सुमाराला शिंपीकाका दुकानातून उतरले आणि गळ्यातली टेप चाचपत माझ्याबरोबर चालायला लागले.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "सोमवारी आणि काल, दोन्ही दिवस मी याला चंदी दिली."

मी थांबलो. बाळ्याही थांबला. "तुम्ही? कधी?"

"साडेआठला. वहिनी जाताना सांगून गेल्या होत्या, एकदा फळा बघा, खूण नसेल तर घाला म्हणून. खूण नव्हती. आणि हा बघत होता असा, की वाटलं दोन दिवसांचा उपाशी आहे."

"मग तुम्ही का नाही खूण केलीत?"

"वहिनी म्हणाल्या, त्यांना कळू देऊ नका. विसरले हे कळलं की वाईट वाटतं त्यांना."

समोरून आत्या येत होती. तिचा चेहरा पाहूनच मला पुढचं कळलं.

"तू किती वाजता दिलीस?" मी विचारलं.

"पावणेआठला," आत्या म्हणाली. "दोन्ही दिवस. सूनबाई मलाही फळा बघायला सांगून गेली होती, आणि खूण नव्हती. अरे, मला वाटलं तू विसरलास. तुला बोलले नाही, उगाच कशाला. तू लहानपणी दप्तर विसरायचास तेव्हाही मी गुपचूप शाळेत नेऊन द्यायचे."

म्हणजे सातला मी, पावणेआठला आत्या, साडेआठला शिंपीकाका. तीन वेळा, दोन दिवस, म्हाताऱ्या पोटात. आणि एक खडूची रेघ मारली असती तर यातलं काहीच झालं नसतं. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता चालू लागलो. आत्याने एकदा पदराने डोळे पुसले. शिंपीकाका बाळ्याच्या पोटावरून हात फिरवत चालले होते. सवयीने असेल, पण मधेच त्यांनी टेप लावून पोटाचा घेर घेतला आणि मान हलवली.

सव्वापाच तासांनी, आमच्याच फाटकासमोर, बाळ्या थांबला. शेपूट उचलली. आम्ही श्वास रोखून मागे उभे राहिलो. आणि झाली. चांगली झाली. आत्याने मटकन पायरीवर बसकण मारली. शिंपीकाकांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. मी लगेच डॉक्टरांना फोन केला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता पाणी द्या, चंदी बंद. मी येऊन बघून जातो. इकडे पण वासरू झालं."

आता एकच काम राहिलं होतं. दोर आत्याच्या हाती देऊन मी तबेल्यात धावलो, खडू उचलला आणि सोमवार-मंगळवारच्या राहिलेल्या खुणा भराभर करून टाकल्या. बाहेर आलो तर दारात रिक्षा थांबत होती.

बायकोने लिदेकडे पाहिलं, आम्हा तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पिशवी तिथेच टाकून बाळ्याच्या पोटाला कान लावला. बराच वेळ ती तशीच उभी होती.

"वाजतंय पोट, आतडं चालू झालंय," ती शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग ती तबेल्यात गेली. मी मागोमाग.

"हे काय?" तिने फळ्याकडे बोट दाखवलं.

"खुणा," मी म्हटलं. "केल्या होत्या ना मी."

"आणि त्यांच्याखाली?"

मी पाहिलं. प्रत्येक खुणेखाली माझी झोकदार सही होती. सहीखाली तारीख होती. चारही ठिकाणी बुधवारची. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो.

मग मी सगळं सांगितलं. सोमवारच्या सात पाचपासून. ती ऐकत होती. मी म्हटलं, "मला वाटलं, जातो आपला बाळ्या."

"किती वेळ चालवलंत?"

"सव्वापाच तास."

तिने माझ्या खांद्यावरची बाळ्याची लाळ पदराने पुसली. "पाय दुखत असतील," एवढंच म्हणाली. (याहून प्रेमाचं ती मला लग्नातही बोलली नव्हती.)

डॉक्टर येऊन गेले, काळजी नाही म्हणाले. संध्याकाळी तिने ताट वाढलं. मी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"का हो? जेवत का नाही?"

"गल्लीने फार आग्रह केला दोन दिवस," मी म्हटलं. "आधी आत्या, मग शिंपीकाका. आपल्याला लोक किती मानतात ना."

तिने माझं ताट उचललं. मग म्हणाली, "आत्यांना मीच सांगून गेले होते तुमच्या जेवणाचं. त्यांना नाही जमलं तर म्हणून शिंपीकाकांना सांगितलं."

"आणि फ्रिजमधलं?"

"दोघंही विसरले तर म्हणून."

मी वळून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, सकाळी मी बाळ्याकडे पाहिलं होतं तशीच.

"उठा," ती म्हणाली. "बसू नका. चला, शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबेल्यात गेलो तेव्हा फळा स्वच्छ पुसलेला होता. रकाने नव्याने आखले होते. बाळ्याच्या नावाखाली लिहिलं होतं, चंदी बंद, चार फेऱ्या. चांदणीच्या नावाखाली, चंदी निम्मी. आणि शेजारी तिसरा रकाना होता, त्यावर लिहिलं होतं 'हे', आणि त्याखाली, चंदी बंद, सहा फेऱ्या.

मी सहा फेऱ्या मारून आलो, खडू उचलला आणि खूण केली. या वेळी तारीख बरोबर होती.