अंगठा कसा सुटला

नातीची अंगठा चोखायची सवय मोडायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. (मला पुष्कळ गोष्टी सोप्या वाटतात. माझं शिक्षण कमी.)

नात दुसरीत. शाळा सुटली की लेक ऑफिसातून येईपर्यंत ती माझ्या खोलीवर असते. एरवी माझ्याशी बोलायला एक गळका नळ.

दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंगठ्याने वरचे दात पुढे यायला लागलेत. सवय आत्ताच मोडा."

लेकीने शोध लावला, की अंगठा तोंडात जातो तो माझ्या गोष्टी ऐकताना.

"बाबा, पुढच्या तपासणीपर्यंत थांबलं नाही, तर तिला पाळणाघरात घालीन."

मग ठरवलं, गोष्ट अशी रटाळ सांगायची की ती रंगूच नये. मी कारखान्याच्या फाटकावर राखणदार होतो. तेच सुरू केलं.

"ट्रक आला. फाटक उघडलं. ट्रक गेला. फाटक लावलं."

"मग?" अंगठा मुळापर्यंत आत.

"मग दुसरा ट्रक आला."

तिचे डोळे हे एवढे झाले! (उभ्या जन्मात माझ्या नोकरीचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.)

मग कडू औषध आणलं. तिच्या अंगठ्याला लावलं आणि त्याच हातांनी तिला केळं सोलून दिलं. तिने केळं सोडलं. अंगठा नाही.

शेवटी हात टेकले. म्हटलं, "माझ्या गोष्टी संपल्या बाई. आज तूच सांग."

ती सांगू लागली आणि बघतो तर अंगठा बाहेर! तो तोंडात ठेवून बोलणार कशी? तेव्हापासून रोज तीच सांगते. तिचा बेडूक ऑफिसात जातो, त्याचा साहेब बगळा. मी नुसता हुंकार देतो.

तपासणीत डॉक्टरबाई खूश झाल्या. लेक नातीला म्हणाली, "शहाणी गं! आता शिक्षा म्हणून नाही, पण जातेस का पाळणाघरात? खेळायला मुलं असतात."

मी भिंतीवरचं दाताचं चित्र बघत बसलो.

"आणि आजोबा?" नात म्हणाली. "त्यांना माझ्या गोष्टींची सवय लागलीय. एकदम मोडली तर रडतील."

"मी कशाला रडतोय?" मी म्हणालो. आवाज नेमका तेव्हाच फाटला.

डॉक्टरबाई लेकीला म्हणाल्या, "या वयात सवयी मोडत नाहीत. चालू द्या."

लेक हसली. "बरं, राहू दे आजोबांकडेच."

जिना उतरताना नातीने माझं बोट घट्ट धरलं.

"पण आजोबा," ती म्हणाली, "गोष्ट ऐकताना तुमचं तोंड उघडं असतं आणि लाळ गळते. उद्यापासून आपण ते सोडवू."