दीड हातावरची जाळी

मी आणि माझी बायको कौसा, दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे सोपान जाळीवाल्याच्या उदबत्तीमागं घरभर फिरणं. पुढं तो, हातात पेटलेली उदबत्ती. मागं कौसा, गुडघ्यावर हात दाबत. तिच्या मागं मी, तोंड वाकडं करून. दारातून कोणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, यांच्या घरात भूत निघालं.

भूत नव्हतं. सोपानला वारा बघायचा होता.

सोपान आमचा शेजारी. आमच्या डोंगरकडा गावात सिमेंटच्या नक्षीदार जाळ्या पाडणारा तो एकटाच. लोखंडी साचा, साच्याला जळकं ऑइल, मग सिमेंट, वाळू आणि दगडाची बारीक कच. हे कोणीही करील. पण सोपानकडं जाळी मागायला गेलं की तो जाळी दाखवत नाही, तुमच्या घरी येतो. उदबत्ती पेटवून भिंतीभिंतीला धरतो, धूर कुठं वळतो ते पाहतो. मग घरातल्या सगळ्या जागांवर उकिडवा बसून बघतो. कधी चुलीपुढं, कधी उंबऱ्यात, एका घरी तर बाजेखाली शिरला. "वारा काय म्हणून राहिला ते बघू," हे त्याचं ठरलेलं बोलणं. वारा काय म्हणाला ते मात्र तो कोणालाच सांगत नाही. सांगतो एवढंच, की जाळी इथं बसंल आणि अमुक नक्षीची बसंल. पटलं तर घ्या.

एका बंगलेवाल्याला गेटाशेजारी सिंहाची जाळी पाहिजे होती. सोपान म्हणाला, "सिंहाच्या पोटातून वारा जात न्हाई." बंगलेवाला म्हणाला, "मी पैसे देऊन राहिलो ना?" सोपान म्हणाला, "मंग पैशाचीच जाळी बसवा." आणि उदबत्ती विझवून घरी आला.

साच्यातून काढलेली जाळी तो ओल्या बारदानाखाली ठेवतो आणि रोज पाणी मारतो. सगळेच मारतात. पण हा म्हणतो, जाळी पिकली पाहिजे. आमच्याकडं केळी पिकवायला घालतात तशी. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा आणि मान हलवायची. एकाच्या घरी लग्न होतं, मांडव पडायच्या आधी भिंत पुरी व्हायला पाहिजे होती. सोपाननं टकटक केली आणि म्हणाला, "कच्ची हाय. लगीन पुढं ढकला." नवरीचा बाप त्याच्या अंगणात उभा राहून आईबहिणीवर आला. सोपान बारदानावर पाणी मारत राहिला.

गावाला त्याची मजा वाटायची. मला वाटायची नाही, कारण कौसाला वाटायची.

माझ्याशी ती बोलायची ते कामाचं. मीठ संपलं. म्हैस आटली. पोराचा फोन आला. आणि भिंतीपलीकडं सोपान बारदान भिजवायला आला की हिचा आवाजच बदलायचा. "काय भाऊजी, पिकली का आज?" मग ती हळू आवाजात काहीतरी सांगायची, तिकडून तो खो खो करायचा, मग ही हसायची. मी ओसरीत बसून ऐकायचो. एकदा विचारलंही, "एवढं काय हसायसारखं हाय त्या सिमिटात?" तर म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं." आंब्याचं लोणचं घातलं की पहिली बरणी भिंतीवरून त्याला. आम्हाला उरलंसुरलं.

वाईट काही नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं. तो तिला वैनी म्हणायचा, मान खाली घालून बोलायचा. वाईट असतं तर बरं झालं असतं, दोन ठेवून तरी दिल्या असत्या. नुसत्या हसण्याला काय मारणार?

तर त्या दिवशी उदबत्ती फिरत फिरत स्वयंपाकघरात आली. कौसाला तिथं जाळी बसवायची होती. सोपान मला म्हणाला, "अण्णा, तुमी जरा भायेर बसा."

"काहून?"

"वैनीला इचारायचं हाय."

"माझ्यासमोर इचार."

"नवऱ्यासमोर बाया खरं सांगत न्हाईत."

कौसा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी बाहेर आलो. घर माझं, भिंत माझी, बायको माझी, आणि मी अंगणात कोंबड्यांमध्ये. आत कुजबुज, मग दोघांचं हसणं. परत गेलो तर चुलीजवळच्या, ओसरीला लागून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून दीड हातावर कोळशानं चौकोन काढलेला. स्वयंपाकघराची जाळी वर, छताखाली असते. धूर जायला.

मी म्हणालो, "एवढी खाली? धुराला रांगायला लावतो काय?"

"धुरासाठी न्हाई ही."

"मंग कशासाठी?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कौसा म्हणाली, "बसल्यावर कळंल तुमाला."

चौथ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढंच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मयतीला सोपान माझ्यापेक्षा जास्त रडला. हे मी विसरलेलो नाही. माझ्या डोळ्याला पाणी येईना, मी खांबाला टेकून नुसता बसलो, आणि हा हमसून हमसून. लांबून आलेले पाहुणे आधी त्याच्याच गळ्यात पडत होते. सेनगावाकडची कौसाची एक मावळण, म्हणजे आत्या, तिनं मला लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. ती थेट सोपानपाशी गेली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "धीर धरा जावईबापू, लेकराबाळांकडं बघा." आणि हा गाढव "व्हय, व्हय" म्हणत मान हलवत होता.

पण खरं झालं ते दहाव्याला. ओढ्यावर पिंड ठेवला. बाभळीवर पाचसहा कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय. मग घरच्यांनी हात जोडून सांगायचं, तुझं राहिलेलं मी पुरं करतो.

मी हात जोडले. म्हणालो, "पोराला संभाळीन." कावळे तसेच. "म्हैस इकत न्हाई." तसेच. "तंबाखू सोडतो." एका कावळ्यानं मान तिकडं फिरवली. पोरगा बोलला, लेक रडत रडत बोलली. ऊन डोक्यावर आलं. पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पण बाभळीवरचे गप्प.

न्हावी म्हणाला, "अण्णा, आठवा. कायतरी बोलली असंल की."

मला काही आठवेना. तुला काय पाहिजे, असं मी तिला चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. आठवणार काय, माती?

तेवढ्यात मागून सोपान पुढं आला. चप्पल काढली, पिंडापुढं वाकला आणि हळूच म्हणाला, "वैनी, जाळी बसवतो. दीड हातावरच."

कावळा उतरला. एक नाही, दोन उतरले. पिंड पार फोडून खाल्ला.

सगळ्यांनी हात जोडले. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "अण्णा, तुमच्यापरीस शेजाऱ्यालाच जास्त ठाव होतं म्हना की!"

मी तिथंच ठरवलं. ही जाळी माझ्या भिंतीत बसणार नाही.

तेरावा झाला. लेक सासरी गेली, पोरगा वसमतला कामावर गेला. दुसऱ्या दिवशी सोपान हातगाडी घेऊन दारात. गाडीवर बारदानाखाली चार जाळ्या, पानवेलीची नक्षी. कौसानंच निवडलेली. त्यानं एकीवर टकटक केली. "पिकल्या, अण्णा."

"माघारी ने."

"वैनीला बोललो मी."

"तू बोलला. मी न्हाई बोललो."

"कावळा शिवला ना."

"मंग कावळ्याच्या घरट्याला बसव."

तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज हातगाडीचा खडखडाट, रोज टकटक, रोज "पिकल्या, अण्णा." एकदा तर मी आतून कडी लावून घेतली, तर हा अर्धा तास दारात उभा राहून जाळ्यांवर पाणी मारत होता. वसमतच्या एका मास्तराला त्याच चार जाळ्या आवडल्या. मी भिंतीवरून ओरडलो, "दे की त्याला!" सोपान मास्तराला म्हणाला, "ह्या दिलेल्या हायेत." मास्तरानं विचारलं, "मग इथं कशाला पडल्या?" सोपान म्हणाला, "घेणारा रुसला हाय."

ऐकून माझं डोकं फिरलं. रुसायला मी काय नवरी हाय?

मला जाळीचा राग नव्हता. तिनं त्याला सांगितलं आणि मला सांगितलं नाही, त्याचा होता. ते काय होतं, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला खिचडीचा घास गिळवेना, आणि त्याला विचारायची लाज वाटत होती. स्वतःच्या बायकोचं मन शेजाऱ्याला विचारायचं?

शेवटी एका दुपारी गेलो. पंचवीस वर्षांचा शेजार, त्याच्या घरात मी पहिल्यांदा पाय टाकला. अख्ख्या गावाला जाळ्या देणाऱ्याच्या घराला एकही जाळी नाही. चार कोऱ्या भिंती आणि एक दार. तो साचा पालथा घालून, त्यावर ताट ठेवून, भिंतीकडं तोंड करून जेवत होता. भाकर आणि लोणचं. लोणच्याची बरणी आमची. आमच्याकडचं कधीच संपलं होतं, याच्याकडं अजून अर्धी बरणी.

मी म्हणालो, "काय सांगितलं तिनं तुला?"

तो उठायला लागला.

"बस. जेवता जेवता सांग."

"तुमी रागावसान."

"रागावलेलाच हाय मी."

त्यानं घास खाली ठेवला. "मी सगळ्याच बायांना एकच इचारतो अण्णा. चुलीपुढं बसल्यावर काय दिसत न्हाई, जे दिसाया पायजे? कोणी म्हणती रस्ता. कोणी म्हणती गोठा. एक म्हणाली, सासू कुठं बसली ते दिसू द्या." तो थोडा हसला. मी हसलो नाही. "वैनी म्हणाल्या, ह्यांचं ताट."

"माझं ताट?"

"तुमी ओसरीत बसून जेवता. तोंडानं मागत न्हाई. भाकर संपली तरी तसेच हात धुता. मंग त्यांना दर खेपेला उठून दारात यायचं, बघायचं, पुन्हा जाऊन बसायचं. गुडघ्याची तकलीफ. म्हणाल्या, दीड हातावर जाळी आली तर बसल्या जागी ताट दिसंल. आन म्हणाल्या, ह्यांना सांगू नका भाऊजी. सांगितलं तर मुद्दाम दुसरीकडं बसतील."

बसलो असतो. बराबर ओळखलं होतं तिनं. ती दारात यायची, ताटाकडं पाहायची, तेव्हा मी म्हणायचो, "काय डोकावून राहिली?" रोज म्हणायचो.

मी विचारलं, "आन भिंतीवरून रोज काय हसायचे तुमी दोघं?"

सोपाननं मान खाली घातली. "तुमचंच, अण्णा. अण्णांनी आज उलटा सदरा घातला, अण्णा म्हशीशी भांडले, अण्णांनी चष्मा लावून चष्मा हुडकला. एवढंच असायचं त्यांच्याकडं सांगायला. मला ऐकाया बरं वाटायचं. माझ्या घरात असं कोण सांगणार, आन कोणाचं?"

मी भिंतींकडं पाहत होतो. "तुझ्या घराला जाळी काहून न्हाई?"

"आतून बघणारं पायजे ना कोणी," तो म्हणाला. "आई होती तवर ती ताट बघायची. आता वाराच यायचा, तर दारातून येतो की."

मी तसाच घरी आलो. चुलीपुढं बसलो आणि कोळशाच्या त्या चौकोनाकडं संध्याकाळपर्यंत बघत राहिलो. भिंत होती, भिंतच दिसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच छन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भिडलो. चार घाव बसले नाहीत तोच सोपान धावत आला. "अण्णा, तिरपं फोडून राहिले! अख्खी भिंत खाली येईल!" हातोडा माझ्या हातातून ओढून घेतला. दोन तासांत चौकोन सरळ काढला, चारही जाळ्या बसवल्या, कडा लिंपल्या, ओलं फडकं फिरवलं. हात धुऊन निघाला.

मी म्हणालो, "ओसरीत बस."

"काहून?"

"बस म्हनलं ना. आन भिंतीला टेकू नको, ओली हाय."

तो माझ्या जागेवर बसला. मला ते आवडलं नाही, खरं सांगतो. पण आता बसवलं होतं. मी चूल पेटवली. पहिली भाकर तव्याला चिकटली, दुसरी उचलताना फाटली. तिसरी जरा बरी झाली, ती ठेचा घालून त्याला नेऊन दिली आणि परत चुलीपुढं येऊन बसलो.

जाळीतून ताट सगळं दिसत होतं. कडेचा ठेचासुद्धा. त्याची भाकर संपली होती. तो रिकाम्या ताटात बोट फिरवत बसला होता. दाराकडंही पाहत नव्हता.

"मागाया काय झालं तुला?" मी आतून ओरडलो, आणि तव्यावरची भाकर फडक्यात घेऊन उठलो.